आमचे सर ‘फॉलन आउट’ झाले!

सरकारी कॉलेजात शिकणारी माझी एक मैत्रीण मागच्या सत्रात म्हणाली, "अगं, आमचे सर फॉलन आउट झाले." मला वाटलं, सर कुठेतरी पडले-बिडले. तसं नव्हतं. सर होते ‘अतिथी विद्वान’. त्यांच्या जागेवर नियमित प्राध्यापकाची बदली झाली आणि सरांचं काम सुटलं. असं काम सुटणाऱ्याला आपल्या मध्य प्रदेशात ‘फॉलन आउट’ म्हणतात. दुसरा पेपर अर्धा शिकवून झाला होता.

अतिथी विद्वान म्हणजे रिकाम्या पदावर तात्पुरते बोलावलेले शिक्षक. महाराष्ट्रात ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणारे असतात, त्यांच्यासारखेच. नेट झालेले, पीएच.डी. केलेले लोक यात आहेत. पण पगार नाही, मानदेय. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, असं आपण शिकतो. इथे जाण्याची तिथीही ठरलेली नसते.

डिसेंबर २०१९मध्ये लोकसेवा आयोगातून निवडलेले सहायक प्राध्यापक रुजू होऊ लागले आणि राज्यभरातले कितीतरी अतिथी विद्वान एकदम बाहेर पडले. ते भोपाळच्या शाहजहानी पार्कात येऊन बसले, भर थंडीत, कित्येक आठवडे. २०१८च्या निवडणुकीत काँग्रेसने ‘वचनपत्रा’त त्यांना नियमित करण्याचं आश्वासन दिलं होतं, तेच ते मागत होते. मार्च २०२०मध्ये सरकार पडलं, पाठोपाठ कोरोना आला. पुढे सप्टेंबर २०२३मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी महिन्याला ५० हजार रुपयांपर्यंत मानदेयाची घोषणा केली. मानदेय वाढलं, पण मूळ मागणी नियमित होण्याची होती.

मग सरकार पदं का भरत नाही? कारण कायम पद म्हणजे दर महिन्याचा पगार आणि पुढची कित्येक वर्षं तिजोरीवरचा भार. पाहुणा स्वस्त पडतो.

हा पैसा कुठून येतो ते पाहू. केंद्रीय विद्यापीठांचा खर्च मुख्यतः केंद्र उचलतं. बरकतउल्ला विद्यापीठासारखी राज्य विद्यापीठं राज्याच्या अनुदानावर आणि आपल्या फीवर चालतात. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे जबाबदारी दोघांची झाली. २०१३मध्ये ‘रुसा’ योजना आली. तिच्यात आपल्यासारख्या राज्यांसाठी पुढे केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असा हिशोब होता. पण अशा योजनेतून इमारत उभी राहते, लॅब होते; रोज वर्गात येणाऱ्या शिक्षकाचा पगार शेवटी राज्यालाच द्यावा लागतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, असं कोठारी आयोगाने १९६६मध्येच सांगितलं होतं. २०२०च्या शिक्षण धोरणात तोच आकडा परत लिहावा लागला!

अनुदान कमी पडलं की विद्यापीठाकडे उरतात दोन वाटा: फी वाढवणं आणि पद रिकामं ठेवणं. फी वाढली की आपण ओरडतो, कारण पावती आपल्या हातात येते. रिकाम्या पदाची पावती मिळत नाही. म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही.

पटियाळ्याच्या पंजाबी विद्यापीठात मात्र विचारलं गेलं. मार्च २०२३च्या राज्य बजेटमध्ये विद्यापीठाला १६४ कोटी रुपये ठेवले होते. कुलगुरूंनी पैसा पुरणार नाही असं उघडपणे सांगितलं. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी एका मोर्चात आले. महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी दरमहा ३० कोटी रुपये जाहीर केले. तिथे सगळे एकत्र होते, मागणीत नेमका आकडा होता आणि वेळ बजेटची होती. शाहजहानी पार्कात शिक्षक बसले, पण तो प्रश्न त्यांच्या नोकरीचा मानला गेला. आपल्या वर्गाचा तो कधी झालाच नाही.

कुणी म्हणेल, आपलं कॉलेज मिशनचं, आपल्याला काय त्याचं? एक तर घटनेचं कलम ३०(२) सांगतं की संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदान देताना राज्याने भेदभाव करायचा नाही. म्हणजे हा प्रश्न आपलाही आहे. आणि तसं नसतं, तरी आपल्याच वयाची मुलं शेजारच्या कॉलेजात शिक्षकाविना बसतात, हे आपल्याला चालतं का?

करता येण्यासारखं एक साधं काम आहे. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा: मंजूर पदं किती, भरलेली किती, राज्याचं अनुदान किती? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते आकडे घेऊन बजेटच्या आधी आपल्या आमदारांना भेटा. बजेट झाल्यावर गेलात तर चहा मिळेल, अनुदान नाही.

माझ्या मैत्रिणीने उरलेला पेपर सीनियरच्या जुन्या नोट्सवर काढला. पास झाली. सर आता कुठे शिकवतात, तिला माहीत नाही.