हप्ता थांबला, व्याज चालूच राहिलं

लेखमाला : दुकान आणि बँक – लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण कॅश क्रेडिट खातं कसं चालतं, दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट कशाला लागतं आणि ड्रॉइंग पॉवर कशी ठरते हे पाहिलं. आज त्याच्या पुढचं. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या लॉकडाऊनने देशभरची शटरं एका रात्रीत खाली आली, त्यानंतर छोट्या धंद्यांसाठी जे काही केलं गेलं त्याचा हा हिशेब. ‘पॅकेज’ हा शब्द त्या दिवसांत इतका कानावर आदळला की त्यातले रोख पैसे कोणते, कर्ज कोणतं आणि नुसती मुदतवाढ कोणती, हे वेगळं करून बघायला कुणाला सवड नव्हती. ते वेगळं करून सांगण्याची घाई सांगणाऱ्यांनाही फारशी दिसली नाही.

सगळ्यात आधी आलं ते मोरॅटोरियम. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं : १ मार्च ते ३१ मे या काळातले मुदत कर्जाचे हप्ते पुढे ढकलायला बँकांना परवानगी. २२ मेला ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. म्हणजे एकूण सहा महिने. बाजारात मात्र बातमी पसरली ती ‘हप्ते माफ’ अशी. माफ काहीच झालं नव्हतं. हप्ता थांबला, तरी व्याजाचं मीटर रोज फिरत होतं.

आकडे मांडून बघू. समजा, १० लाखांचं कर्ज आहे, दर १२ टक्के, आणि ६० हप्ते राहिलेत. महिन्याचा हप्ता येतो २२,२४४ रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही तर सरळ व्याज होतं ६०,००० रुपये. हे व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवत गेलं तर ६१,५२०. हप्ता तेवढाच ठेवला, तर मोरॅटोरियम संपल्यावर ६० ऐवजी सुमारे ६५ हप्ते भरावे लागतात. थांबवले सहा, वाढले आणखी पाच, आणि शेवटचा हप्ता अकरा महिने लांबला. या पाच हप्त्यांची रक्कम १ लाख ११ हजारांच्या वर जाते. सहा महिन्यांच्या उसंतीची ही किंमत.

आता वरचे दोन आकडे पुन्हा बघा : ६१,५२० आणि ६०,०००. फरक १,५२० रुपयांचा. यालाच म्हणतात व्याजावरचं व्याज, आणि सर्वोच्च न्यायालयातला जो खटला आपण वर्षभर बातम्यांत ऐकत होतो त्यातून कर्जदाराच्या हाती पडलं ते एवढंच. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने २ कोटींपर्यंतच्या कर्जांना हा फरक सानुग्रह म्हणून द्यायचं ठरवलं. २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने २ कोटींची मर्यादा काढून टाकली आणि कोणत्याच कर्जदाराकडून मोरॅटोरियमच्या काळातलं व्याजावरचं व्याज घेऊ नका, असं सांगितलं. पण संपूर्ण व्याज माफ करायची मागणी फेटाळली. ठेवीदारांना व्याज द्यायचं तर कर्जदारांकडून घ्यावं लागणार, हे त्यामागचं सरळ गणित. उदाहरणातल्या कर्जदाराला १,५२० परत मिळाले. साठ हजार त्याच्याच नावावर राहिले.

कॅश क्रेडिटवाल्यांना हप्ता नसतोच, त्यामुळे त्यांना सहा महिन्यांचं व्याज पुढे ढकलायची सोय मिळाली. साचलेल्या व्याजाचं वेगळं मुदत कर्ज करून ते ३१ मार्च २०२१ पर्यंत फेडायचं होतं. लॉकडाऊनमध्ये न चाललेल्या धंद्याने सात महिन्यांत ते कसं फेडावं, याचा विचार परिपत्रकात शोधून सापडणार नाही.

तरीही मोरॅटोरियम वाईट होतं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या गल्ल्यात खरोखर काही नव्हतं, त्याचं खातं थकीत झालं नाही, एनपीएचा, म्हणजे अनुत्पादक कर्जाचा, शिक्का बसला नाही, पुढचं कर्ज मिळायची वाट मोकळी राहिली. हे मोठं काम झालं. फसले ते पैसे असूनही ‘सरकार देतंय तर घेऊ’ म्हणून हप्ता थांबवणारे.

दुसरी मदत होती तातडीच्या कर्जाची. १३ मे २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ३ लाख कोटींची हमी योजना जाहीर केली. तिचं लांबलचक इंग्रजी नाव सोडून देऊ. बँकेत तिला ईसीएलजीएस म्हणायचे, आणि खातेउताऱ्यावर कर्ज ‘जीईसीएल’ अशा नावाने दिसायचं. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर जेवढं कर्ज येणं होतं त्याच्या २० टक्के जादा कर्ज. चार वर्षांची मुदत, पहिलं वर्ष फक्त व्याज, मुद्दल पुढच्या तीन वर्षांत. बँकांसाठी व्याजदराची कमाल मर्यादा ९.२५ टक्के, बिगरबँक वित्त कंपन्यांसाठी १४. हमी शुल्क नाही, प्रोसेसिंग फी नाही, नवीन तारण नाही. बँकच फोन करून विचारायची, ‘तुमचं मंजूर आहे, नको असेल तर तसं सांगा.’ कर्जासाठी बँकेत खेटे घालण्याची सवय असलेल्या माणसाला हे ऐकून चिमटा काढून बघावासा वाटला असेल.

इथे एक गैरसमज हमखास झाला. ‘सरकारची शंभर टक्के हमी’ म्हणजे आपण नाही भरलं तर सरकार भरेल, असं अनेकांनी धरलं. हमी होती बँकेला. कर्ज बुडालं तर राष्ट्रीय पत हमी विश्वस्त कंपनी बँकेची भरपाई करणार, पण कर्जदाराकडची वसुली थांबणार नाही, उलट ती करत राहणं हे बँकेचं कामच. ‘नवीन तारण नाही’ हेही खरं असलं, तरी मोठ्या कर्जांत आधी गहाण असलेल्या मालमत्तेवर या कर्जाचा दुसरा बोजा चढत होता. सही करताना ते पान किती जणांनी वाचलं असेल कोण जाणे.

पुढे या योजनेच्या आवृत्त्या निघाल्या. मार्च २०२१ मध्ये हॉटेल, पर्यटन, प्रवास या धंद्यांचा समावेश झाला आणि त्यांना ४० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू लागलं. एकूण मर्यादा आधी साडेचार आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात पाच लाख कोटींवर गेली. ३१ मार्च २०२३ ला योजना बंद झाली.

पण माझा खरा मुद्दा ‘२९ फेब्रुवारी’ या तारखेपाशी आहे. त्या दिवशी ज्याच्या नावावर कर्ज होतं त्याला आणखी कर्ज. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्याला या योजनेत जागाच नव्हती. ‘अंथरूण पाहून पाय पसरा’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तसं वागलेला शिंपी, सलूनवाला, झेरॉक्सवाला, स्वतःच्या बचतीवर दुकान थाटलेली ब्युटीपार्लरवाली ताई, ही सगळी माणसं बँकेच्या या वहीत नव्हतीच. त्यांचा सगळ्यात मोठा खर्च गाळ्याचं भाडं, आणि त्यात सवलत द्यायची का, हे मालकाच्या मर्जीवर सोडलं होतं. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात, लॉकडाऊन आहे म्हणून भाडं थांबवता येणार नाही, भरायला मुदत तेवढी वाढवून देता येईल, असं सांगितलं. करारात तशी तरतूद नसेल तर भाडेकरूच्या हाती फारसं काही उरत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण होती. आपल्याकडे इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यापासून तालुक्याच्या चौकातल्या किराणा दुकानदारापर्यंत कित्येकांचं कर्ज बँकेत नसतं, पतसंस्थेत असतं. रोजची पिग्मी, ओळखीचे संचालक, दोन जामीनदार, आठवड्यात पैसे हातात. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा बँका रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाखाली आल्या. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, त्यामुळे मोरॅटोरियमचं परिपत्रक त्यांना लागू नव्हतं. आणि २० टक्क्यांची योजना होती बँका आणि वित्त कंपन्यांपुरती. एकाच गल्लीत दोन दुकानं, दोघांचंही कर्ज तीन-तीन लाख. एकाचा हप्ता थांबला, वर साठ हजार जादा मिळाले. दुसऱ्याच्या नशिबी संचालकांना हात जोडणं.

फेरीवाल्यांची योजना या बाबतीत वेगळी निघाली. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधीत आधीचं कर्ज असण्याची अट नव्हती. १० हजार रुपये, वर्षाची मुदत, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान खात्यात जमा, आणि क्यूआर कोडवर व्यवहार केले तर वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत कॅशबॅक. पहिलं फेडलं की २० हजार, मग ५०. अट होती ती २४ मार्च २०२० किंवा त्याआधीपासून शहरात विक्री करत असल्याच्या पुराव्याची : पालिकेचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, नाहीतर शिफारसपत्र. पथविक्रेता कायदा २०१४ चा, पण कितीतरी शहरांत सर्वेक्षणं अर्धवट पडलेली. शिफारसपत्राची पळवाट ठेवली म्हणून बरं.

परत न करण्याचे पैसे मिळाले ते अगदी थोड्यांना. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध लावताना मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक आणि नोंदणीकृत बांधकाम मजुरांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम बघून हसू येईल, पण ही मदत होती, उधारी नव्हती. अर्थात ‘नोंदणीकृत’ हा शब्द इथेही दारात उभा होताच. अमेरिकेने त्याच महामारीत छोट्या धंद्यांना कर्ज दिलं, पण त्यातला मोठा हिस्सा पगारावर खर्च केल्याचं दाखवलं की ते कर्ज माफ व्हायचं. त्यांच्याकडे पगारपत्रकं होती. आपल्याकडे दुकानातला पोऱ्या कुठल्या कागदावर असतो? तशी योजना इथे आणली असती, तरी ती कुणापर्यंत पोचली असती हा प्रश्न उरतोच.

धंद्यातल्या माणसाने यातून व्यवहारापुरतं एवढं करावं. मालाची खरेदी-विक्री जीएसटीत किंवा निदान बँक खात्यातून दिसू द्यावी. उद्यम नोंदणी करावी, ती ऑनलाइन आणि मोफत आहे. एजंटला पैसे द्यायची गरज नाही. पतसंस्थेचं कर्ज चालू असलं, तरी एखाद्या बँकेत लहानशी कॅश क्रेडिट मर्यादा उघडी ठेवावी. वापरली नाही तरी चालेल, पण वहीत नाव असावं.

उद्यम नोंदणीचा आणखी एक उपयोग आहे, त्याकडे माल पुरवणारे कारखानदार सहसा डोळेझाक करतात. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. लॉकडाऊनमध्ये अनेकांचे पैसे बँकेपेक्षा मोठ्या गिऱ्हाइकाकडे जास्त अडकले होते. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, ही भीती. थकलेल्या बिलासाठी तक्रारीचा अर्ज कसा करायचा आणि गिऱ्हाईक न तोडता तो कधी करायचा, हे पुढच्या लेखांकात.