लाल माती, काळी माती : नैरोबीच्या नगररचनेची कहाणी

नैरोबीच्या पश्चिमेला टेकड्या आहेत आणि टेकड्यांवर लाल माती. निचरा चांगला, हवा गार, झाडं भराभर वाढतात. पूर्वेकडे जमीन सपाट होत जाते आणि काळी माती लागते. पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी काळी माती आपल्या मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला नको. तिच्यावर घर उभं करायचं तर पाया किती खोल न्यावा लागतो, हेही त्याला ठाऊक असतं. ब्रिटिश अमलात गोऱ्यांची वस्ती लाल मातीवर झाली आणि आफ्रिकी लोकांची काळ्या मातीवर. हिंदी लोक मध्ये, पार्कलँड्स, न्गारा, ईस्टली या भागांत राहिले. ही वाटणी आपोआप झालेली नाही. ती आखली गेली, आणि आखताना पहिलं कारण दिलं गेलं ते सार्वजनिक आरोग्याचं.

मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे १८९९ साली इथल्या दलदलीपाशी पोचली आणि रेल्वेच्या तळाभोवती गाव वसलं. रूळ टाकणारे मजूर मुख्यतः पंजाबातून आणलेले होते. त्यांच्या मागोमाग दुकानदार आले आणि बाजार भरू लागला. १९०२ मध्ये या बाजारात प्लेगची लागण झाली. रोग ओळखला तो रोझेंडो रिबेरो या गोव्याच्या डॉक्टरांनी. माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रुग्णांकडे जाणारे डॉक्टर म्हणून ते शहरभर प्रसिद्ध होते. सरकारने यावर उपाय काय केला, तर सगळा बाजारच जाळून टाकला. पुढे १९१३ मध्ये प्रा. सिम्प्सन यांना पाहणीसाठी पाठवण्यात आलं. हे गृहस्थ पूर्वी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी होते. रोगराई टाळायची तर वंशवार वेगवेगळ्या वस्त्या हव्यात, अशी शिफारस त्यांनी केली. १९२३ मध्ये लंडनने शहरांतलं कायदेशीर विलगीकरण सोडून दिलं खरं, पण जमिनीच्या खरेदीखतांतल्या अटींनी तेच काम चालू ठेवलं.

हिंदी माणूस निदान भाडेकरू किंवा मालक म्हणून धरला जात होता. आफ्रिकी माणसाला शहरात राहणारा म्हणून कुणी धरतच नव्हतं. तो ‘राखीव प्रदेशातून’, म्हणजे सरकारने आफ्रिकी लोकांसाठी राखून ठेवलेल्या ग्रामीण भागातून येईल, मजुरी करील आणि परत जाईल, हे गृहीतच होतं. १९२० पासून राखीव प्रदेशाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषाला ‘किपांडे’ बाळगावं लागे. बोटांचे ठसे, मालकाचं नाव आणि पगार असलेला हा कागद पत्र्याच्या डबीत घालून बहुतेक जण गळ्यात अडकवत. पगार एकट्या पुरुषाच्या पोटापुरता, आणि घर म्हणजे एकट्या पुरुषाच्या खाटेपुरती जागा. बायको, मुलं, म्हातारे आईबाप यांचा हिशेब गावाच्या खात्यावर. माझ्या मते नैरोबीच्या नगररचनेतली सगळी गफलत या एका गृहीतकात आहे.

या गृहीतकाला छेद देणारं गाव खुद्द नैरोबीतच उभं होतं. पांगानी ही जुनी वस्ती आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला नगरपालिकेने आखून दिलेलं पुमवानी. पुमवानीत प्लॉट पालिकेचा आणि घर ज्याचं त्याने बांधायचं. घरं स्वाहिली धाटणीची : कुडाच्या भिंती, मधून बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, मागे चूल आणि धुणं. अशा घरांच्या मालकांत बायका बऱ्याच होत्या. लग्न मोडून, कर्ज चुकवण्यासाठी किंवा आपल्या मर्जीने शहरात आलेल्या. कुणी शरीरविक्रय करून, कुणी दारू गाळून पैसा जोडला आणि एकेक खोली भाड्याने दिली. पालिकेच्या दप्तरी त्या उपद्रवी होत्या. त्यांनी गाळलेली दारू बेकायदा होती. त्याच वेळी पालिका स्वतःच्या बिअर हॉलमध्ये बिअर विकत होती आणि त्या नफ्यातून आफ्रिकी वस्त्यांवरचा खर्च भागवत होती. पांगानी १९३०च्या दशकाच्या अखेरीस पाडून टाकलं. शहरात मूळ धरलेल्या माणसांचं घर असं पुसलं गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर गर्दी इतकी वाढली की काहीतरी करणं भाग पडलं. १९४८ मध्ये ‘वसाहतीच्या राजधानीसाठी’ म्हणून नैरोबीची बृहत् योजना प्रसिद्ध झाली. तिचे तीनही कर्ते, थॉर्नटन व्हाइट, सिल्बरमन आणि अँडरसन, दक्षिण आफ्रिकेतून बोलावलेले होते. नकाशे देखणे आहेत. शाळा, दुकानं, मोकळी मैदानं यांभोवती बेतलेल्या शेजारवस्त्या, मध्यभागी भव्य शासकीय केंद्र, रुंद रस्ते. वंशभेदाच्या वादात आम्ही पडत नाही, फक्त मानवी गरजा पाहतो, अशी योजनेची भूमिका. पण गोऱ्यांचे बंगले आहेत तिथेच राहिले आणि आफ्रिकी मजुरांसाठीच्या नव्या वस्त्या पूर्वेलाच दाखवल्या गेल्या. असलेली विषमता जागच्या जागी ठेवून केलेल्या तटस्थतेला मी तटस्थता मानत नाही. त्याच दशकात बांधलेली कालोलेनी ही वस्ती मात्र वेगळी निघाली. बागेभोवती दगडी बैठी घरं, कुटुंबांना राहता येईल अशी, आणि मधोमध सभागृह.

या सभागृहात २३ एप्रिल १९५० रोजी मक्खन सिंग हे पंजाबी कामगार नेते उभे राहिले आणि त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या पूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. महिनाही झाला नव्हता नैरोबीला राजाच्या सनदेने शहराचा दर्जा मिळून. त्या सोहळ्यावर कामगार संघटनांनी बहिष्कार घातला होता. शहराची हद्द वाढली की आसपासच्या किकुयू या आफ्रिकी समाजाच्या आणखी जमिनी जाणार, ही धास्ती घरोघरी होती. मे महिन्यात मक्खन सिंगांना पकडलं आणि सार्वत्रिक संप झाला. सिंग सुटले ते थेट १९६१ मध्ये.

मग २४ एप्रिल १९५४ची पहाट. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ या सशस्त्र बंडाचं शहरातलं जाळं तोडण्यासाठी सुमारे २५ हजार सैनिक आणि पोलिसांनी नैरोबीला वेढा घातला. ‘ऑपरेशन अँव्हिल’. आफ्रिकी वस्त्या आधीच वेगळ्या असल्यामुळे कोणता भाग कधी घेरायचा, हे नकाशावरूनच ठरवता येत होतं. दारं ठोठावली, लोकांना रांगेत उभं केलं. डोक्यापासून पोतं पांघरलेले, डोळ्यांपुरती भोकं ठेवलेले खबरे समोरून जाणाऱ्याकडे पाहून मान हलवत. त्या मानेवर माणसाचं घरी जाणं किंवा छावणीत जाणं ठरे. वीस हजारांवर किकुयू, एम्बू आणि मेरू लोक स्थानबद्ध झाले. बायकामुलांना राखीव प्रदेशात धाडलं गेलं. पुढच्या दोन महिन्यांत पियो गामा पिंटोही तुरुंगात गेले. नैरोबीत जन्मलेले, हिंदुस्थानात शिकलेले, मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरी करताना संपात उतरलेले आणि गोवामुक्तीच्या चळवळीत काम केलेले हे गोवेकर पत्रकार. शहरातल्या गोवेकरांचे क्लबसुद्धा कारकुनांचे वेगळे आणि शिंप्यांचे वेगळे असताना, पिंटोंनी आफ्रिकी कामगारांना आपलं मानलं. मांडा बेटावरच्या छावणीत त्यांची वर्षं गेली. स्वतंत्र केनियात, १९६५ मध्ये, त्यांचा गोळ्या घालून खून झाला.

अँव्हिलच्याच वर्षी आफ्रिकी मजुरीवरचा कार्पेंटर समितीचा अहवाल आला. एकट्या पुरुषाच्या हिशेबाने दिलेली मजुरी चुकीची आहे, कुटुंब पोसण्याइतकी ती टप्प्याटप्प्याने वाढवावी, असं सरकारनेच नेमलेली समिती सांगत होती. जे पुमवानीच्या घरमालकिणींनी तीस वर्षं जगून दाखवलं होतं, ते आता सरकारी कागदावर उतरलं. मजुरी थोडी वाढली. घरं मात्र त्या गतीने वाढली नाहीत.

जानेवारी १९६० मध्ये माऊ माऊ बंडामुळे लादलेली आणीबाणी उठली, बंदोबस्त सैल झाला आणि गावी धाडलेली कुटुंबं शहराकडे निघाली. १९४८च्या जनगणनेत सुमारे १ लाख १९ हजार असलेली लोकसंख्या १९६२ मध्ये सुमारे २ लाख ६७ हजारांवर पोचली. त्याच वर्षी चार्ल्स रुबिया नैरोबीचे पहिले आफ्रिकी महापौर झाले. त्यांच्या पालिकेच्या पूर्वेकडच्या वसाहतींत एकेकट्या पुरुषांसाठी बांधलेल्या खोल्यांमध्ये संसार थाटले जात होते, आणि ज्यांना त्या खोल्याही मिळाल्या नाहीत ते माथारे नदीच्या काठाने स्वतःच घरं बांधत होते, पुमवानीसारखीच कुडाची.