पत्रातून उपचार : स्वीडनमधील इंटरनेट मानसोपचार (लेखांक ६)

इंटरनेटवरून मानसोपचार देता येतो का, या प्रश्नावरच्या स्वीडनमधील संशोधनाची सुरुवात डोकेदुखी आणि कानातला आवाज या दोन दुखण्यांपासून झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उप्साला विद्यापीठात लार्स स्ट्रॉम, गेरहार्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार डोके दुखणाऱ्या शंभराहून थोड्या अधिक लोकांना इंटरनेटवरून शिथिलीकरणाचे धडे पाठवले. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अनेकांची डोकेदुखी कमी झाली, पण निम्म्याहून अधिक लोक अभ्यास अर्ध्यावर सोडून गेले. पाठोपाठ टिनिटसचा, म्हणजे कानात सतत घुमणाऱ्या आवाजाचा अभ्यास झाला. टिनिटसवर औषध नाही. आवाज तसाच राहतो, त्याच्याकडे पाहण्याची रीत बदलावी लागते. अशा दुखण्यासाठी रुग्णाने दर आठवड्याला रुग्णालयात यायलाच हवे का, हा प्रश्न या संशोधकांपुढे आपोआप उभा राहिला.

यासाठी लागणारी जमीन देशात तयार होती. १९९८ साली सरकारने नोकरदारांना मालकामार्फत करसवलतीत घरी संगणक घेण्याची सोय केली आणि सर्वसामान्य घरांत संगणक पोहोचले. प्रत्येक रहिवाशाला एकच ओळख क्रमांक देण्याची पद्धत १९४७ पासून आहे. २००३ मध्ये बँकांनी मिळून ‘बँक-आयडी’ ही इलेक्ट्रॉनिक ओळख आणली. रुग्णाने पडद्यासमोर बसून स्वतःची ओळख पटवणे आणि त्याचे लिखाण सुरक्षित राहणे त्यामुळे शक्य झाले. आरोग्यसेवा करातून चालते आणि ती २१ प्रांतिक मंडळांकडे आहे. या मंडळांना उपचारांच्या परिणामाचा आणि खर्चाचा विचार करावा लागतो. नव्या उपचाराची चाचणी नियमित दवाखान्यातही घेण्याची सवय स्वीडनला लागली, ती काही अंशी या रचनेमुळे असावी.

‘ऑनलाइन उपचार’ म्हटले की मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा डॉक्टर डोळ्यांपुढे येतो. येथे वर्णन केलेला उपचार तसा नाही. तो मुख्यतः लिखित आहे. बोधात्मक वर्तनोपचार, ज्याला जगभर सीबीटी म्हणतात, त्याची आठ ते बारा प्रकरणे केलेली असतात. रुग्ण दर आठवड्याला साधारण एक प्रकरण वाचतो, त्यातला गृहपाठ करतो आणि काय घडले ते लिहून पाठवतो. ते वाचून उपचारक उत्तर लिहितो आणि मग पुढचे प्रकरण खुले होते. घबराटीचे झटके येणाऱ्या माणसाला मुद्दाम भराभर श्वास घेऊन छातीतली धडधड अनुभवायला सांगितले जाते. धडधड म्हणजे हृदयविकाराचा झटका नव्हे, हे त्याला स्वतःच्या शरीरावरून कळावे हा त्यामागचा हेतू असतो. चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्याला दुकानात जाऊन मुद्दाम एखादा प्रश्न विचारण्याचा गृहपाठ मिळतो. काम रुग्णाचे असते. एका रुग्णामागे उपचारकाचा आठवड्याला साधारण दहा ते पंधरा मिनिटांचा वेळ जातो.

या दहा-पंधरा मिनिटांत काय घडते, हा या संपूर्ण संशोधनातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. केवळ मजकूर वाचून माणूस बरा होत असेल, तर उपचारकाची गरजच उरत नाही. पहिल्या डोकेदुखीच्या अभ्यासातील गळतीने याचे उत्तर सुचवले होते. २००७ मध्ये पालमक्विस्ट, कार्लब्रिंग आणि अँडरसन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. उपचारकाने प्रत्येक रुग्णाला जितका अधिक वेळ दिला, तितका परिणाम वाढत गेलेला दिसला. म्हणजे मजकूर तोच असला, तरी पलीकडे कोणीतरी वाट पाहत आहे ही जाणीव रुग्णाला टिकवून धरते. याचा अर्थ हवे तितके लांबलचक वैयक्तिक लिखाण करावे, असा मात्र नाही. क्रिस्टोफर व्हेर्नमार्क यांच्या २०१० मधील चाचणीत नैराश्याच्या ८८ रुग्णांपैकी काहींना तयार प्रकरणे आणि थोडे मार्गदर्शन मिळाले, तर काहींना केवळ त्यांच्यासाठी लिहिलेली ई-पत्रे मिळाली. दोन्ही पद्धतींनी रुग्ण सुधारले आणि दोहोंत ठळक फरक आढळला नाही.

मग पत्रात नेमके काय असावे? ब्यॉर्न पाक्सलिंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. सततच्या काळजीच्या विकारावर उपचार घेणाऱ्या ४४ रुग्णांना तीन उपचारकांनी लिहिलेली ४९० पत्रे त्यांनी वाक्यागणिक तपासली आणि त्यांतल्या वर्तनाचे आठ प्रकार केले. धीर देणे, समजावून सांगणे, सहानुभूती दाखवणे, स्वतःचा अनुभव सांगणे, गृहपाठाची आठवण करून देणे असे ते प्रकार होते. रुग्णाने पार पाडलेल्या कामाची आवर्जून दखल घेणारी पत्रे चांगल्या परिणामाशी जोडलेली निघाली. मुदत पुन्हा पुन्हा वाढवून देणारी पत्रे मात्र वाईट परिणामाशी जोडलेली निघाली. अभ्यास लहान आहे आणि त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. जो रुग्ण मुळातच मागे पडतो आहे, त्यालाच मुदतवाढ लागते, हेही शक्य आहे. तरीही हे काम पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. उपचारकाचा मायाळूपणा आणि त्याचा ठामपणा हे दोन्ही अक्षरांत उतरतात आणि मोजता येतात, हे त्याने दाखवले.

समोरासमोरच्या उपचाराशी तुलना पुढे अनेक विकारांत झाली. एरिक हेडमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सामाजिक भीती असलेल्या १२६ रुग्णांपैकी काहींना इंटरनेटवरून, तर काहींना गटात बसवून सीबीटी दिली. इंटरनेटचा गट मागे पडला नाही. २०१४ मध्ये अँडरसन, कार्लब्रिंग, हेडमन आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा १३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. दोन्ही पद्धतींच्या परिणामांतील फरक जवळजवळ शून्य आला. २०१८ मध्ये कार्लब्रिंग यांनी तेच काम २० अभ्यासांवर पुन्हा केले आणि निष्कर्ष टिकला. येथे एक अट विसरता कामा नये. या अभ्यासांत येणारे लोक स्वतःहून नाव नोंदवणारे, वाचनाची सवय असलेले, बहुधा सुशिक्षित असतात. ज्याला लांब मजकूर वाचवत नाही किंवा ज्याला दोन ओळी लिहिण्याचीही उभारी उरलेली नाही, तो या आकड्यांत फारसा नाही.

प्रयोगशाळेतील यश दवाखान्यात टिकते का, हे पाहण्याची संधी २००७ मध्ये मिळाली. स्टॉकहोमजवळच्या हुडिंगे येथे कॅरोलिन्स्का या वैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांच्या सहभागाने ‘इंटरनेटसिकियात्रिन’ हा सरकारी मनोरुग्ण विभाग नियमित सेवा म्हणून सुरू झाला. येथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट अर्ज करता येतो. मात्र उपचार सुरू होण्याआधी रुग्णाची सविस्तर तपासणी होते. ज्याच्या मनात आत्महत्येचा विचार प्रबळ आहे किंवा ज्याचा विकार वेगळाच आहे, त्याला योग्य ठिकाणी पाठवले जाते. उपचार चालू असताना रुग्ण दर आठवड्याला नैराश्याची प्रश्नावली भरतो. तिच्यातला एक प्रश्न जगण्याच्या इच्छेविषयी असतो आणि उत्तर चिंताजनक आले की उपचारक संपर्क साधतो. या विभागात उपचार घेतलेल्या नैराश्याच्या १,२०३ रुग्णांचा अहवाल २०१४ मध्ये आला आणि सुधारणा मोठी व टिकाऊ दिसली. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे काही सुधारणा काळाच्या ओघात आपोआप झाली असणार. तरी निवडक स्वयंसेवकांपलीकडेही ही पद्धत चालते, हे त्यातून दिसले.

वैद्यकीय पद्धतींचे मूल्यमापन करणाऱ्या एसबीयू या सरकारी संस्थेने २०१३ च्या अहवालात प्रौढांच्या काही विकारांत, थोड्या मुदतीपुरता, या उपचाराला आधार असल्याचे मान्य केले. मुलांबाबत मात्र पुरावा अपुरा ठरवला. ही उणीव कॅरोलिन्स्कातील एवा सेर्लाकियस यांच्या गटाने भरून काढायला घेतली. त्यांचा २०२१ मधील अभ्यास मंत्रचळाचा त्रास असलेल्या १५२ मुलांवर स्टॉकहोम आणि गोथेनबर्ग येथे झाला. एका गटाला आधी इंटरनेटवरून उपचार दिला आणि जी मुले त्याने सुधारली नाहीत, त्यांनाच पुढे प्रत्यक्ष भेटी दिल्या. दुसऱ्या गटाला पहिल्यापासून प्रत्यक्ष उपचार मिळाला. अखेरीस पहिला गट दुसऱ्यापेक्षा वाईट ठरला नाही आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना प्रत्यक्ष भेटींची गरजच पडली नाही. मंत्रचळाच्या उपचारात प्रशिक्षित तज्ज्ञ मोजकेच असतात. वाचलेला प्रत्येक तास दुसऱ्या मुलाला मिळतो, म्हणून हा निकाल मोठा आहे.

कोणताही उपचार काहींना लागू पडत नाही आणि काहींना त्रासदायकही ठरतो. मानसोपचारात याची नोंद ठेवण्याची रीत नव्हती. अलेक्झांडर रोसेन्ताल यांनी इंटरनेट उपचारांच्या प्रतिकूल परिणामांचा पद्धतशीर मागोवा घेतला आणि त्यासाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. नवी चिंता निर्माण होणे, झोप बिघडणे, प्रकरणे वेळेत पूर्ण न झाल्याने आपणच नालायक आहोत असे वाटू लागणे, अशा तक्रारी पुढे आल्या. दुसरीकडे विक्टर काल्डो यांच्या गटाने निद्रानाशाच्या २५१ रुग्णांवर वेगळा प्रयोग केला. चौथ्या आठवड्यापर्यंतच्या नोंदी पाहून अपयशाचा धोका कोणाला आहे हे ओळखायचे आणि अशांपैकी निम्म्यांचा उपचार तेव्हाच बदलायचा, अशी ती योजना होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, ज्यांचा उपचार बदलला त्यांच्यात अपयशाचे प्रमाण बरेच कमी राहिले. दर आठवड्याला भरली जाणारी प्रश्नावली येथे उपचाराचा भाग झाली. समोरासमोरच्या उपचारात असे मोजमाप क्वचित होते.

याच काळात खासगी ‘नेटलेकारे’, म्हणजे ॲपवरचे डॉक्टर, देशभर पसरले. २०१५ च्या रुग्ण कायद्याने दवाखान्यांतील बाह्यरुग्ण सेवा देशात कोठेही घेण्याची मुभा दिली. ‘क्राय’सारख्या कंपन्या एका प्रांताशी करार करून देशभरचे रुग्ण पाहू लागल्या आणि बिल रुग्णाच्या घरच्या प्रांताकडे जाऊ लागले. तरुण, शहरी आणि लहान मुलांचे पालक या सेवांकडे अधिक वळले. ही सेवा गरजेप्रमाणे वाटली जाते की सवडीप्रमाणे, हा वाद त्यातून पेटला आणि प्रांतांनी मोबदल्याचे दर उतरवले. प्रतिजैविकांची खैरात होईल ही भीती मात्र लुंड येथील अभ्यासांत खरी ठरली नाही. विश्वासाला मोठा धक्का बसला तो २०१९ मध्ये. ‘११७७’ या आरोग्य-सल्ला क्रमांकावरची सुमारे २७ लाख संभाषणे विनासंरक्षण इंटरनेटवर पडून असल्याचे पत्रकारांनी उघड केले. लिखित मानसोपचारात रुग्ण याहून खासगी गोष्टी लिहीत असतो.

आज बहुतेक प्रांत ११७७ च्या संकेतस्थळावरील ‘स्तोड ओक बेहांडलिंग’, म्हणजे ‘आधार आणि उपचार’, या सामायिक मंचावरून असे कार्यक्रम चालवतात. त्यात शिरण्यासाठी इलेक्ट्रॉनिक ओळख लागते आणि बँक-आयडीसाठी ओळख क्रमांक. आश्रय मागायला आलेल्या आणि अजून रहिवासाचा हक्क न मिळालेल्या माणसाला हा क्रमांक मिळत नाही. भाषेची अडचण वेगळीच, कारण बहुतेक प्रकरणे स्वीडिशमध्ये लिहिलेली असतात. अँडरसन यांच्या लिन्शोपिंग येथील गटाने अरबी भाषकांसाठी सर्व मजकूर अरबीत आणला, उपचारकही अरबी जाणणारे नेमले आणि नियंत्रित चाचणी घेतली. नैराश्याची लक्षणे उतरली. नियमित सेवेत मात्र असा उपचार अजून थोड्याच भाषांत मिळतो.