हवा खाणारं तेल

बाळांनो, काचेच्या पट्टीवर जवसाच्या तेलाचा पातळ हात मारून ठेवा आणि काही दिवसांनी बोट लावून बघा. तेल वाळलेलं असेल. पण पाण्यासारखं ते उडून गेलेलं नाही. पट्टी नाजूक तराजूत घातली, तर ती आधीपेक्षा जड भरते! तेलाने हवा खाल्ली आहे.

जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास वाटा लिनोलेनिक आम्लाचा. त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात, आणि त्यांच्या शेजारी ऑक्सिजनला शिरकाव मिळतो. त्यातून हायड्रोपेरॉक्साइड बनतं, ते फुटतं, आणि फुटलेले तुकडे शेजारच्या साखळ्यांना धरत सुटतात. शेवटी घट्ट जाळं तयार होतं. हे होताना उष्णताही निघते, म्हणून या तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात कधीही टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो.

जवसाच्या तेलात कोबाल्टचा क्षार चिमूटभर घातला की तो हायड्रोपेरॉक्साइड भराभर फोडतो, आणि स्वतः संपत नाही. दिवसांचं काम तासांवर येतं. हात सैल सुटला तर मात्र वरचा थर आधी वाळतो, खाली ओलंच राहतं, आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. लवंगेचं तेल नेमकं उलटं वागतं. त्यातला युजेनॉल आपला हायड्रोजन देऊन त्या भटक्या तुकड्यांना शांत करतो. दाढ दुखली की आजी कापसावर घेते तेच हे तेल! त्याच्या दोन-चार थेंबांनी जवसाच्या तेलात घोटलेला चित्रकाराचा रंग कितीतरी जास्त दिवस ओला राहतो.

आणि पिवळेपणा? ज्या तीन बंधांमुळे जवस झटपट वाळतं, त्यांच्याच मोडतोडीतून पिवळी द्रव्यं निघतात. वाळवणारे क्षार जास्त झाले की त्यात भर पडते, अंधारात तर फारच. 1638 साली चित्रकार रुबेन्सने आपलं युद्धाच्या भीषणतेवरचं चित्र पेटीत बंद करून फ्लॉरेन्सला पाठवलं, तेव्हा पत्रात त्याने कळवलं, की पांढरा रंग पिवळा पडला असेल तर चित्राला अधूनमधून ऊन दाखवा. त्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण नजर किती पक्की! उजेडाने तो पिवळेपणा खरोखरच बराचसा उतरतो.

आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या करडईच्या तेलात लिनोलेनिक जवळजवळ नसतंच, त्यात भरणा असतो दोन बंधांच्या लिनोलेइकचा. म्हणून चित्रकारांचा पांढरा रंग पुष्कळदा करडईच्या तेलात घोटतात. तो पिवळा कमी पडतो, पण वाळायला जास्त दिवस घेतो आणि थरही जवसाइतका चिवट होत नाही.