वाडग्यासाठी पहिला लेथ

सुताराच्या इतर सर्व कामांत लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. लेथवर मात्र लाकूड फिरते आणि हत्यार हाती धरून आधारावर टेकवावे लागते, आणि या एका उलटापालटीतून जी गोलाई निपजते ती दुसऱ्या कोणत्याही हत्याराने इतकी सहज साधत नाही. ही विद्या फार प्राचीन आहे. इजिप्तमधील पेटोसिरिसच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या भित्तिशिल्पात, एक माणूस दोरी ओढून लाकूड फिरवीत आहे आणि दुसरा त्यावर हत्यार धरून बसला आहे. इंग्लंडात बकलबरीच्या माळावर जॉर्ज लेली नावाचा कारागीर लवचिक दांडा आणि पायाने दाबावयाची फळी यांच्या जोरावर फिरणाऱ्या लेथवर एल्मच्या एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे वाडगे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काढीत होता. १९५८ मध्ये तो वारला आणि त्याचा लेथ रेडिंग येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयात जतन करण्यात आला. आपल्याकडे सावंतवाडीचे चितारी आणि कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर यांनी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून, घर्षणाच्या उष्णतेने वितळणाऱ्या त्या लाखेचाच रंग चढविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे.

अशी परंपरा जवळ असता, घरच्या आंब्याच्या किंवा फणसाच्या लाकडाचा वाडगा आपल्या हाताने काढावा अशी इच्छा धरणाऱ्या नवशिक्याने पहिला लेथ कोणता घ्यावा, याचा निवाडा सोपा असावा असे वाटते; पण तो तसा नाही, आणि त्याचे कारण परंपरेतच आहे. आपल्या देशातील कातकाम मुख्यतः लांब आणि बारीक जिनसांचे: पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, जिन्याचे कठडे, लाटणी. या कामात लाकडाचे तंतू यंत्राच्या आसाला समांतर धावतात आणि दोन्ही टोकांना आधार असतो. वाडग्याचे लाकूड बहुधा आडवे बसविलेले असते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात हत्यार दोनदा तंतूंच्या कडेवरून जाते आणि दोनदा त्यांच्या तुटक्या टोकांना भिडते, आणि आतील पोकळी काढताना तर सबंध ओंडका एकाच बाजूने धरलेला असतो. सुतारी यंत्रांच्या दुकानात जो लांब बेडचा, म्हणजे लांब आडव्या पाटाचा, आणि हलक्या अंगाचा लेथ प्रथम पुढे केला जातो तो पलंगाच्या पायांसाठी अव्वल असेल. वाडग्यासाठी तो घेऊ नये, हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

पहिली बाब वजनाची. बारा इंच व्यासाचा आणि चार इंच जाडीचा ओल्या लाकडाचा तुकडा सहा-सात किलो भरतो, आणि सुरुवातीला तो कधीच नीट गोल नसतो. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला गाठ, कोठे लाकूड ओले तर कोठे कोरडे. असा असमतोल गोळा फिरू लागला म्हणजे त्याची थरथर यंत्रात उतरते, यंत्रातून हत्यारात आणि हत्यारातून लाकडाच्या पृष्ठभागावर. ही थरथर गिळण्याचे सामर्थ्य बिडात असते. पत्र्याच्या किंवा नळ्यांच्या बेडात ते नसते. म्हणून बेड, लाकूड फिरविणारा हेडस्टॉक आणि समोरून आधार देणारा सरकता टेलस्टॉक बिडाचे असावेत, आणि यंत्र हलके असलेच तर त्याचा ठोकळा जाड लाकडाचा करून खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवण्याची तजवीज करावी. बेडची लांबी वाढवून घेण्यासाठी दिलेला पैसा वाडगा काढणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. उलट आखूड बेड असला, अथवा हेडस्टॉक बाजूला वळविता आला, तर पोकळी काढताना यंत्रावर ओणवे व्हावे लागत नाही आणि कंबर शाबूत राहते.

दुसरी बाब मापाची. बेडवर जास्तीत जास्त किती व्यासाचे लाकूड फिरू शकते त्याला कारखान्यात स्विंग म्हणतात. हा आकडा बारा इंच असला म्हणून बारा इंचांचा वाडगा निघेलच असे नाही, कारण टूलरेस्टचा, म्हणजे हत्यार टेकविण्याच्या आधाराचा, पाया लाकडाखालून सरकण्यासही जागा हवी. व्यवहारात अकरा इंच धरून चालावे. घरातील बहुतेक वाडगे, परड्या आणि तबके एवढ्या मापात बसतात, आणि नवशिक्याने आरंभ तर सहा-आठ इंचांपासूनच करावयाचा असतो. तेव्हा दहा इंचांपेक्षा कमी स्विंग घेऊ नये आणि सोळा इंचांचा मोह तूर्त आवरावा.

तिसरी बाब वेगाची, आणि जिवाची जोखीम हिच्यातच असल्यामुळे येथे थोडे थांबले पाहिजे. बारा इंचांचे लाकूड मिनिटाला १००० फेरे घेऊ लागले म्हणजे त्याची कड ताशी सुमारे ५७ किलोमीटर वेगाने धावत असते. ते निखळले तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. जाणत्या कारागिरांचा ठोकताळा असा की, इंचांतील व्यासाला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणिले असता गुणाकार ६००० ते ९००० यांच्या दरम्यान असावा. म्हणजे बारा इंचांसाठी ५०० ते ७५० फेरे, आणि लाकूड अजून ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी. ज्या लेथचा किमान वेगच ७०० किंवा ८०० आहे तो कितीही सुबक दिसला तरी मोठ्या वाडग्याच्या कामाचा नाही. दुकानदार कमाल वेग मोठ्या अभिमानाने सांगतो. ग्राहकाने किमान वेग विचारावा, आणि तो २५० च्या आसपास असल्यास समाधान मानावे. मोटार एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॉटची, असली म्हणजे पुरते. मात्र केवळ विजेच्या बटणाने वेग उतरविला असता मोटारीची शक्तीही उतरते, आणि जाड घास घेताना यंत्र अडते. त्याऐवजी पट्टा दुसऱ्या पुलीवर घेतला की वेग उतरतो आणि जोर वाढतो. सबब बटण आणि पुल्यांच्या दोन-तीन पायऱ्या अशा दोन्ही सोयी ज्यात आहेत तोच लेथ पसंत करावा.

चौथी बाब लाकूड धरण्याची. हेडस्टॉकच्या स्पिंडलवरील, म्हणजे फिरत्या दांड्यावरील, आटे प्रचलित मापाचे आहेत की नाहीत याची खातरजमा खरेदीपूर्वीच करावी. लहान यंत्रांवर एक इंच व्यास आणि इंचाला आठ आटे, मोठ्या अमेरिकन यंत्रांवर सव्वा इंच आणि आठ आटे, तर युरोपीय यंत्रांवर ३३ मिलिमीटर आणि साडेतीन मिलिमीटरचा आटा, ही मापे सर्वत्र चालतात. यांपैकी एखादे असेल तर फेसप्लेट आणि चार जबड्यांचा चक कोठूनही आणता येतो, आणि नसेल तर प्रत्येक जिन्नस मुद्दाम घडवून घेण्याची पाळी येते. स्पिंडलच्या पोटातील निमुळते भोक मोर्स पद्धतीचे, दोन नंबरचे असावे. अमेरिकन यंत्रज्ञ स्टीफन मोर्स यांनी १८६०च्या दशकात रूढ केलेले हे माप आजही लेथचे सर्वमान्य माप आहे.

एवढ्या गोष्टी कागदावर जुळल्या म्हणजे यंत्र प्रत्यक्ष पाहावे, विशेषतः ते जुने असेल तर. हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर बसवावे, टेलस्टॉकमध्ये दुसरे, आणि टेलस्टॉक हळूहळू पुढे सारीत दोन्ही टोके एकमेकांजवळ आणावी. ती सुईच्या अग्राप्रमाणे समोरासमोर भिडली तर यंत्र सरळ आहे, आणि एक वर व दुसरे खाली राहिले तर विक्रेत्याच्या कोणत्याही आश्वासनाने ते सरळ होणार नाही. नंतर पट्टा सैल करून स्पिंडल हाताने वर-खाली हलवून पाहावे. टकटक जाणवली तर बेअरिंग गेलेले आहे. टूलरेस्ट आवळून त्यावर अंगाचा भार द्यावा. तो तसूभरही दबता कामा नये. अखेरीस यंत्र किमान वेगावर चालू करून बेडवर तळहात ठेवावा. हाताला जे कळते ते किंमतपत्रकात कोठेही छापलेले नसते.

धातूकामाचा जुना लेथ स्वस्तात मिळतो म्हणून तो लाकडासाठी घ्यावा काय, असा प्रश्न महाराष्ट्रात वारंवार निघतो. १९४१ मध्ये हरिहर येथे निघालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथने या प्रांतातील कित्येक कारखाने उभे केलेले असल्यामुळे त्या यंत्राविषयी आपल्या मनात आदर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या लेथमध्ये हत्यार यंत्राने धरलेले असते आणि चाकांनी इंचाच्या हजाराव्या हिश्शाने सरकते, तर वाडग्याची वळणे मनगटाने, खांद्याने आणि पायांवरच्या तोलाने घ्यावी लागतात. वाडग्याच्या कामाला हवा मोकळा टूलरेस्ट आणि उभे राहण्यास मोकळी जागा; म्हणून त्यासाठी धातूकामाचा लेथ घेऊ नये.

शेवटची बाब पैशाची. लेथची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हिस्सा होय. खोल पन्हळीची गोल पटाशी, बुंधा कापण्याचे पार्टिंग हत्यार, एक स्क्रेपर, धार लावण्यासाठी संथ ग्राइंडर, चक, आणि संपूर्ण चेहरा झाकणारी फेसशील्ड यांच्यासाठी यंत्राच्या किमतीच्या निम्मी तरी रक्कम बाजूला ठेवावी, आणि त्यांत ग्राइंडरला काटछाट लावू नये. कारण बोथट पटाशीला उत्तम लेथही तारू शकत नाही. सैल बाह्या, अंगठ्या, बांगड्या आणि ओढणी यांना यंत्राजवळ सक्त मनाई असावी. लाकडावर मात्र खर्च करण्याची निकड नाही: रस्तारुंदीत पडलेला शिरीष, वादळात उन्मळलेला आंबा, कुंपणातली बाभूळ यांतून मुबलक माल मिळतो. ओल्या लाकडाचा वाडगा व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतक्या जाडीचा ठेवून कातावा, सावलीत सावकाश सुकू द्यावा आणि तो वाळून वाकडा झाला म्हणजे पुन्हा लेथवर चढवून गोल करावा, हा शिरस्ता सर्व देशांत मान्य आहे.

तात्पर्य, बारा इंचांच्या आसपास स्विंग, बिडाचे अंग, आखूड बेड, एक अश्वशक्तीची मोटार, २५० फेऱ्यांपर्यंत उतरणारा वेग आणि प्रचलित आट्याचे स्पिंडल, एवढ्या गुणांचा लेथ नवा मिळो वा जुना, तो निःशंकपणे घ्यावा. हाती रक्कम कमी असेल तर माप कमी करावे, पण वजन आणि किमान वेग यांत तडजोड करू नये. लहान परंतु भक्कम यंत्रावर शिकलेला हात पुढे मोठ्या यंत्रावर सहज चालतो, आणि थरथरणाऱ्या यंत्रावर लागलेल्या सवयी मोडण्यात मात्र बराच काळ खर्ची पडतो.