जिन्यातून चढणारा धूर

6 ऑक्टोबर 2023 रोजी पहाटे तीनच्या सुमारास मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगला आग लागली. इमारत अवघी सात मजल्यांची. तरी किमान 7 जीव गेले, 40 हून अधिक माणसे जखमी झाली. आग खाली होती. वर घराघरांत शिरला तो धूर.

अकोल्यात मोर्णेच्या पश्चिमेला, जुन्या शहरात, वाडे पाडून उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटची ठेवण पुष्कळदा अशीच असते: खाली पार्किंग, तिथेच विजेचे मीटर आणि लागूनच जिना. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की कूलर-एसीचा सगळा भार त्याच मीटरवर येतो.

तापलेला धूर हलका होऊन वर जातो आणि जिना त्याला आयते धुराडे मिळते. माणूस एक मजला चढेपर्यंत धूर पुढे निघून गेलेला असतो. माथ्याशी वाट नसली की तो छताला अडतो, साचतो आणि वरून खाली भरत येतो. म्हणून आग तळाला असूनही वरच्या मजल्यांवरचे लोक आधी कोंडले जातात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला वास नसतो. गुंगी येते आणि पाय उचलत नाहीत.

उंच इमारतींत पंख्याने जिन्यात स्वच्छ हवा भरतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण 50 पास्कल जास्त ठेवतात, म्हणजे जेमतेम 5 मिलिमीटर पाण्याच्या थराइतका. तेवढ्यानेही दाराच्या फटीतून धूर आत येत नाही. मात्र जिन्याचे दार कुंडी लावून उघडे ठेवले, की दाब टिकत नाही.

लहान इमारतीला पंखा नसतो. तिथे जिन्याच्या माथ्याला कायम उघडी जाळी हवी. गच्चीला कुलूप लागतेच, त्यामुळे त्या दाराच्या भरवशावर राहता येत नाही. पण झळा, धूळ आणि कबुतरे नकोत म्हणून नेमक्या त्या जाळीवरच फायबरचा पत्रा ठोकला जातो. मला सर्वांत मोठा धोका हाच वाटतो.

जिन्यात धूर भरला असेल, तर त्यात उतरू नका आणि गच्चीकडेही धावू नका. लिफ्ट टाळा. घराचे दार लावा, फटीत ओला टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीशी थांबा आणि 101 वर मजला सांगा.

महाराष्ट्राचा 2006 चा अग्निसुरक्षा कायदा ज्या इमारतींना लागू आहे, त्यांना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत ते मागा, आणि जाळीवरचा पत्रा त्याच दिवशी काढायला लावा.