हायड्रॉनिक प्रणाली अभिकल्पाचे प्रशिक्षण व मूल्यमापन

हायड्रॉनिक प्रणाली अभिकल्पाचे प्रशिक्षण व मूल्यमापन हा तंत्रशिक्षणातील एक विषय आहे. नळांतून फिरवलेल्या पाण्याच्या साहाय्याने इमारत तापवणाऱ्या किंवा थंड करणाऱ्या प्रणालींना हायड्रॉनिक प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीचा अभिकल्प, म्हणजे रूढ भाषेत डिझाइन, कसा करावा हे शिकवणे आणि शिकणाऱ्याला ते कितपत साधले आहे हे तपासणे, ही या विषयाची दोन अंगे होत. महाराष्ट्रात यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत स्वतंत्र अभ्यासक्रम नाही. प्रशीतन व वातानुकूलनाच्या शिक्षणाचा एक भाग म्हणून तो शिकवला जातो. मोठी वातानुकूलन संयंत्रे मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत एकवटलेली असल्यामुळे गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा यांसारख्या वनप्रदेशातील तालुक्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय बहुधा यंत्र पाहण्याआधी कागदावरच भेटतो. त्याच्या शिक्षणाचा आणि परीक्षेचा प्रश्न त्यामुळे वेगळा ठरतो.

तत्त्व

पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हा या प्रणालींचा पाया आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. सारख्याच आकारमानाची तुलना केल्यास पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. म्हणूनच जे काम करण्यासाठी छताखालून रुंद पत्र्याची वाहिनी न्यावी लागते, ते दोन-अडीच इंची नळाने भागते.

शीतन प्रणालीत चिलर हे यंत्र पाणी थंड करते. पंप ते पाणी खोल्यांतील शीतन-वेटोळ्यांपर्यंत पोहोचवतो, तेथील उष्णता घेऊन पाणी परत येते आणि चिलर ती उष्णता बाहेर टाकतो. मोठ्या संयंत्रांत हे शेवटचे काम शीतक मनोऱ्याद्वारे होते. तापन प्रणालीत चिलरच्या जागी बॉयलर किंवा उष्णता पंप असतो. महाराष्ट्राच्या हवामानात तापनाची बाजू दुय्यम आहे. रुग्णालये, वसतिगृहे, हॉटेले आणि दुग्धप्रक्रिया केंद्रे यांच्या गरम पाण्यापुरतीच ती प्रामुख्याने आढळते.

अभिकल्पाचे टप्पे

अभिकल्पाची सुरुवात उष्णताभाराच्या गणनेपासून होते. भिंती, छप्पर, खिडक्या, माणसे, दिवे, यंत्रे आणि बाहेरून घेतलेली ताजी हवा यांपासून खोलीत येणारी उष्णता यात मोजली जाते. त्यानंतर पाण्याचा प्रवाहदर, नळांचे व्यास, दाबऱ्हास, पंपाची निवड, पाण्याच्या प्रसरणाची सोय आणि नियंत्रक झडपा असा क्रम असतो.

एखाद्या सभागृहाचा उष्णताभार ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे १० टन प्रशीतन आहे असे मानू. (येथे टन हे वजन नसून उष्णता काढण्याचा दर आहे, एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट. नवशिक्या विद्यार्थ्यांचा पहिला गोंधळ या शब्दापाशी होतो.) पाणी ७ अंशांवर पाठवून १२ अंशांवर परत घ्यायचे असल्यास तापमानांतील फरक ५ अंश होतो. ३५ ला ४.१९ आणि ५ यांच्या गुणाकाराने भागले असता प्रवाहदर सेकंदाला सुमारे १.६७ लिटर, म्हणजे मिनिटाला १०० लिटर येतो. हे पाणी ५० मिलिमीटर अंतर्व्यासाच्या नळातून सेकंदाला सुमारे ०.८५ मीटर वेगाने वाहील, आणि तो वेग योग्य आहे. २५ मिलिमीटरचा नळ निवडल्यास वेग चौपट होऊन ३.४ मीटरवर जाईल. मग नळ आवाज करेल, झिजेल आणि पंपावरील भार अनेक पटींनी वाढेल. उलट १०० मिलिमीटरचा नळ घेतला तर बिघडणार काहीच नाही, मात्र खर्च वाया जाईल.

उदाहरणातील गणित दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे. खरी अडचण गृहीतकांची असते. सुरक्षिततेसाठी म्हणून उष्णताभारात १० टक्के, प्रवाहात १० टक्के, दाबऱ्हासात १० टक्के आणि पंप निवडताना पुन्हा १० टक्के वाढ धरली, तर एकावर एक चढत ही वाढ सुमारे ४६ टक्क्यांवर पोहोचते. प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याने शहाणपणाच केलेला असतो. पंप मात्र जवळजवळ दीडपट मोठा बसतो आणि पुढे झडप अर्धी बंद ठेवून तो चालवावा लागतो. आदर्श स्थितीत पंपाची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती जवळपास निम्मी पुरते. त्यामुळे जादा क्षमतेची किंमत पुढील अनेक वर्षे विजेच्या देयकातून भरली जाते.

दुसरा वारंवार आढळणारा दोष परतीच्या पाण्याचा आहे. झडपा किंवा वेटोळी चुकीची निवडली गेल्यास पाणी पुरेशी उष्णता न घेताच परतते. १२ अंशांऐवजी ते १० अंशांवर आले, तर तेवढीच उष्णता वाहण्यासाठी मिनिटाला १०० ऐवजी सुमारे १६७ लिटर पाणी फिरवावे लागते. खोली थंड असते, तक्रार कोणाचीच नसते, आणि दोष तापमापक वाचणाऱ्यालाच दिसतो. संयंत्रापाशी रोज उभा राहणारा मनुष्य बहुधा तंत्रज्ञ असतो, अभिकल्प करणारा अभियंता नव्हे. तंत्रज्ञाला स्वतःला अभिकल्प करावा लागत नसला तरी त्याची गणना समजली पाहिजे, असे म्हणण्याचे कारण हेच.

महाराष्ट्रातील शिक्षणक्रम

भारत सरकारने १९५० मध्ये सुरू केलेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था चालतात. राज्यात त्यांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे. अभ्यासक्रम केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालय ठरवते. ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन’ हा त्यांतील दोन वर्षांचा व्यवसाय असून दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना त्यात प्रवेश मिळतो. पहिल्या वर्षी घरगुती फ्रिज व वातानुकूलक, तर दुसऱ्या वर्षी केंद्रीय संयंत्रे, चिलर, शीतक मनोरे आणि पाण्यावरील प्रक्रिया असा साधारण क्रम असतो. भर उभारणी, चालवणे व दुरुस्ती यांवर असतो. अभिकल्पाची ओळख तंत्रनिकेतनांच्या यंत्र अभियांत्रिकी पदविकेत होते आणि खोलवर अभ्यास पदवीपातळीवर. १९८१ मध्ये स्थापन झालेली ‘इशरे’ ही व्यावसायिक संस्था अभियंत्यांसाठी अभ्यासवर्ग घेते.

मागणीच्या बाजूने पाहता ऊर्जा संवर्धन कायदा, २००१, त्याखालील इमारत संहिता (२००७, सुधारित २०१७) आणि मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेला भारत शीतन कृती आराखडा यांमुळे या विषयाचे महत्त्व वाढले. कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सेवा-तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते.

मूल्यमापन

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मूल्यमापन दोन प्रकारे होते. वर्षभर निदेशक करतात ते आकारिक मूल्यमापन आणि वर्षाअखेरीस होते ती अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. प्रात्यक्षिक व आकारिक मूल्यमापनात उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, तर लेखी विषयांत ३३ टक्के गुण आवश्यक असतात. लेखी परीक्षा संगणकावर बहुपर्यायी स्वरूपात घेतली जाते.

आकारिक मूल्यमापनाचे निकष विचारपूर्वक केलेले आहेत. विद्यार्थ्याने काम किती अचूक केले याबरोबर ते करताना त्याला किती मदत लागली, हेही श्रेणी ठरवताना पाहिले जाते. कामातील नीटनेटकेपणा, सुरक्षिततेची जाणीव, सहकार्य आणि साहित्याची नासाडी टाळणे यांचीही दखल घेतली जाते. दैनंदिनी, केलेले काम, तोंडी परीक्षा, प्रकल्प असे पुरावे पुढील परीक्षेपर्यंत जपून ठेवावे लागतात, जेणेकरून दिलेल्या गुणांची पडताळणी करता यावी.

बहुपर्यायी प्रश्न मात्र या विषयात तोकडा पडतो. ‘शीतजलाचे नेहमीचे पुरवठा-तापमान किती?’ या प्रश्नाला ‘७ अंश’ हे उत्तर पाठांतरानेही देता येते. ७ च का, ४ किंवा १० का नाही, हे सांगता येणे म्हणजे विषय समजणे. आणि ते चार पर्यायांत मावत नाही. अभिकल्प ही साखळी असल्याने केवळ अंतिम उत्तर तपासणेही अन्यायाचे ठरते. पहिल्याच टप्प्यात किलोवॉट आणि टन यांची गल्लत झालेल्या विद्यार्थ्याचे पुढील सर्व आकडे चुकतात, जरी त्याची रीत निर्दोष असली तरी. एक चूक एकदाच मोजावी आणि पुढील पायऱ्या त्या चुकलेल्या आकड्याच्या आधारे तपासाव्यात, ही गणिताच्या शिक्षकांची जुनी पद्धत येथे उपयोगी पडते. मात्र उत्तर अवास्तव आले असताना, उदाहरणार्थ एका वर्गखोलीसाठी मिनिटाला हजार लिटर पाणी निघाले असताना, ज्याला संशय आला नाही त्याचे गुण वेगळे कापले पाहिजेत. उत्तराच्या परिमाणाचा अंदाज असणे हे अभिकल्पातील स्वतंत्र कौशल्य आहे.

तोंडी परीक्षेत एक जोड देता येते. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या आराखड्यातील एखादी अट परीक्षक बदलतो, जसे की सभागृहात माणसे दुप्पट आली किंवा चिलर तळमजल्याऐवजी गच्चीवर ठेवावा लागला, आणि कोणते आकडे बदलतील व कोणते तसेच राहतील हे विचारतो. दुसऱ्याची वही उतरवलेला विद्यार्थी येथे थांबतो.

पूर्व विदर्भातील संदर्भ

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. दोन तृतीयांशांहून अधिक भूभाग वनाच्छादित असलेल्या या जिल्ह्याच्या पूर्व भागात, छत्तीसगडच्या सीमेला लागून धानोरा तालुका आहे. येथील अनेक विद्यार्थ्यांची घरची भाषा गोंडी, शाळेची मराठी आणि व्यवसायातील संज्ञांची इंग्रजी. यंत्राचा गुणधर्म कळूनही त्याचे नाव न आठवल्यामुळे गुण जाणे, हा प्रकार अशा ठिकाणी संभवतो आणि मूल्यमापन करणाऱ्याने तो ओळखणे आवश्यक असते.

उलटपक्षी, या विषयातील दोन अवघड कल्पना या भागात आधीच परिचयाच्या आहेत. पहिली प्रवाहाच्या संतुलनाची. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, आहेत. तलावाचे पाणी धानाच्या बांध्यांना सोडले की तोंडाजवळच्या बांधीला ते भरपूर मिळते आणि शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचेतो आटते. वरच्याने आपला मोघा आवरल्याशिवाय खालच्याला पाणी मिळत नाही. समांतर जोडलेल्या नळांतही हेच घडते: पंपाजवळच्या शाखेतून जास्त पाणी जाते, दूरची खोली गरम राहते. मोठा पंप बसवणे हा त्यावर उपाय नव्हे. जवळच्या शाखेवरील संतुलन झडप आवळणे हा आहे.

दुसरी कल्पना बाष्पीभवनाने होणाऱ्या शीतनाची. विदर्भात घरोघरी असणारा वाळ्याचा कूलर मे महिन्यात खोली थंड करतो आणि जुलैत केवळ दमट वारा देतो. हवेचे तापमान ४४ अंश व आर्द्रता २० टक्के असताना ओल्या फुग्याचा तापमापक सुमारे २५ अंश दाखवतो. ३२ अंश व ८० टक्के असताना तो २९ अंशांवर जातो. शीतक मनोरा पाण्याला या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. म्हणून ‘मनोऱ्याचा आकार कोणत्या महिन्याच्या हवामानावरून ठरवावा?’ या प्रश्नाचे उत्तर कडक उन्हाळा नसून पावसाळा हे आहे. नेमका हाच प्रश्न पुस्तकी तयारीच्या विद्यार्थ्याला चकवतो. चंद्रपूरजवळील ऊर्जानगरच्या २,९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक विद्युत केंद्राचे मनोरे हे याच तत्त्वाचे या परिसरातील सर्वांत मोठे उदाहरण होय.

चिलर नसलेल्या कार्यशाळेतही प्रात्यक्षिक शक्य असते. पाणी तापवण्याचा विद्युत कांब बसवलेली टाकी, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, वेगवेगळ्या लांबीच्या तीन समांतर शाखा, प्रत्येकीवर झडप आणि जाताना-येतानाचे तापमापक एवढी मांडणी त्याला पुरते. प्रवाह बादली आणि घड्याळाने मोजता येतो. तिन्ही शाखांचा प्रवाह आधी गणनेने काढणे, मग मोजणे आणि दोहोंतील तफावतीचे कारण लिहिणे, असे काम दिल्यास वही, हात आणि विचार तिन्ही एकाच वेळी तपासले जातात.

इतरत्र

अमेरिकेत बेल अँड गॉसेट या पंप-उत्पादक कंपनीने १९५४ मध्ये इलिनॉय राज्यात ‘लिटल रेड स्कूलहाउस’ ही हायड्रॉनिक प्रणाली शिकवणारी शाळा सुरू केली. इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पासून नव्या तापन प्रणाली ५५ अंश किंवा त्याहून कमी पुरवठा-तापमानावर चालतील अशा रीतीने बसवण्याची अट इमारत नियमांत आली. कमी तापमानाला रेडिएटरचा आकार नव्याने काढावा लागत असल्याने तेथील नळकारागिरांनाही उष्णताभाराची गणना शिकणे भाग पडले. भारतात हैदराबाद येथील इन्फोसिसच्या एका इमारतीचा एक अर्धा भाग हवेने आणि दुसरा अर्धा लादीतील नळांतून फिरणाऱ्या थंड पाण्याने शीत केला जातो. २०११ पासून वापरात असलेल्या या इमारतीत पाण्याच्या भागाचा शीतनासाठीचा ऊर्जावापर सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. दोन्ही भाग एकाच छताखाली असल्याने विद्यार्थ्यांना तुलना शिकवताना हे उदाहरण दिले जाते.